आयएसओ ९००१ च्या दोन दिवसांच्या इंटर्नल ऑडिटर ट्रेनिंगमध्ये काय असतं? तयारी काय करू?

तुम्ही चाकणच्या मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहात, कंपनीने ट्रेनिंगला नाव दिलंय आणि इंग्रजी कच्चं असल्यामुळे जमेल का, अशी धास्ती आहे. जमेल. फक्त मेहनत योग्य जागी घ्या. बहुतेक जण क्लॉजचे, म्हणजे कलमांचे, नंबर पाठ करत बसतात आणि अडकतात ते एनसी, म्हणजे नॉनकन्फर्मिटी (अपेक्षा मोडल्याची नोंद), लिहिताना.

पहिला दिवस स्टँडर्ड, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाचे नियम, समजून घेण्यात जातो. आयएसओ ९००१:२०१५ मध्ये १० क्लॉज आहेत. पहिल्या तीनमध्ये व्याप्ती, संदर्भ आणि व्याख्या. ऑडिट होतं ते ४ ते १० चं. शॉप फ्लोअरवरच्या माणसाचा खरा संबंध ७ (माणसं, साधनं) आणि ८ (प्रत्यक्ष काम) शी येतो, तिथे कान टवकारून बसा. २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअलची आणि 'एमआर' (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह) नेमण्याची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे 'मॅन्युअल नाही' ही एनसी होत नाही. २०२४ च्या दुरुस्तीने ४.१ आणि ४.२ मध्ये हवामान बदलाचा उल्लेख आला आहे. कंपनीतली प्रत जुनी असेल तर तो तुम्हाला दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी ऑडिट कसं करायचं ते येतं: प्लॅन, चेकलिस्ट, ओपनिंग मीटिंग, प्रश्न विचारणं, रिपोर्ट. याचा आधार आयएसओ १९०११, म्हणजे ऑडिट कसं करावं याचं मार्गदर्शक स्टँडर्ड. रोल प्लेही असतो, एक जण ऑडिटर, दुसरा विभागप्रमुख. तिथे प्रश्नाची पद्धत बघतात. 'रिजेक्शन बाजूला ठेवता ना?' असं विचारलं की समोरचा 'हो' म्हणणार आणि विषय संपणार. 'माप बाहेर गेलं तर तुम्ही काय करता? शेवटचं कधी गेलं होतं? तो पीस कुठे आहे, दाखवा,' असं विचारलं की पुरावा हातात येतो. हे प्रश्न ऑपरेटरला मराठीतच विचारायचे असतात, आणि तुम्ही रोज तेच करता.

आता एनसी. तिचे तीन भाग: स्टँडर्डची किंवा तुमच्याच प्रोसिजरची अपेक्षा काय, तुम्ही काय पाहिलं, आणि अपेक्षा कुठे मोडली. समजा, केस अशी आहे: सीएनसी-३ मशीनवर ऑपरेटर व्हर्नियरने (मापाच्या साधनाने) फर्स्ट पीस मोजतोय आणि त्या व्हर्नियरची कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेच्या तपासणीची, ड्यू डेट उलटून गेली आहे. 'कॅलिब्रेशन नीट होत नाही' असं लिहिलंत तर परीक्षेत मार्क जातात, कारण एका व्हर्नियरवरून सगळ्या कंपनीवर शेरा मारला. असं लिहा: 'क्लॉज ७.१.५.२ नुसार मोजमापाची साधनं ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट झालेली हवीत. सीएनसी-३ वर २ एप्रिलला फर्स्ट पीस तपासणीसाठी व्हर्नियर क्र. व्हीसी-१४ वापरात होता. त्यावरील ड्यू डेट १५ मार्च होती.' ऑपरेटरचं नाव लिहू नका. ऑडिट प्रोसेसचं आहे, त्याचं नाही. नंबर, तारीख आणि जागा मात्र हवीच, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणालाही जाऊन तेच तपासता येईल.

पुढचा प्रश्न हमखास करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शनमधल्या फरकाचा. व्हर्नियर काढून घेणं आणि कॅलिब्रेट करणं हे करेक्शन. तो चुकीचा दाखवत होता असं निघालं तर आधी मोजलेल्या मालाचं काय, हेही तपासावं लागतं. हा मुद्दा बरेच जण सोडतात. करेक्टिव्ह ॲक्शन कारणावर हवी: टूल क्रिबमधून (साधनं ठेवायच्या खोलीतून) साधन देताना ड्यू डेट बघायची पद्धतच नव्हती, म्हणून ती सुरू केली. 'ऑपरेटरला समज दिली' हे उत्तर कारखान्यांत सर्रास दिसतं. पण पुढच्या शिफ्टला दुसरा माणूस तेच करेल.

केस स्टडीत काही प्रसंग मुद्दाम असे असतात की एनसी नसतेच. ऑपरेटरला क्वालिटी पॉलिसी तोंडपाठ नाही, ही एनसी नाही, ७.३ ला जाणीव हवी आहे, पाठांतर नको. प्रत्येक कामाला लेखी वर्क इन्स्ट्रक्शन हवीच, असंही स्टँडर्ड म्हणत नाही. नेहमी गोंधळ होणाऱ्या दोन जोड्या सांगतो. काम येण्याइतकी क्षमता ७.२ मध्ये आणि जाणीव ७.३ मध्ये. खराब माल वेगळा ठेवणं ८.७ मध्ये आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून कारण शोधणं १०.२ मध्ये.

तयारी म्हणून क्यूए (क्वालिटी) विभागाकडून स्टँडर्डची प्रत मागा आणि ७.१.५, ७.२, ८.५, ८.७, ९.२, १०.२ एवढेच भाग आधी वाचा. वाक्यात 'शॅल' आहे का ते बघा. शॅल म्हणजे बंधनकारक. सोबत आपल्या शॉपचा एक कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कशाने तपासायचं याचा तक्ता) घ्या आणि त्यातली प्रत्येक ओळ कोणत्या क्लॉजशी जुळते ते पेन्सिलीने लिहून काढा. परीक्षेचा पेपर सहसा इंग्रजीत असतो. उत्तरं मराठीत चालतील का आणि स्टँडर्ड उघडून बघता येईल का, हे संस्थेला आधीच विचारा, कारण नियम सगळीकडे सारखे नाहीत.

सर्टिफिकेट मिळाल्यावर तुम्ही दुसऱ्या विभागाचं ऑडिट कराल, स्वतःच्या मशीन शॉपचं नाही, ९.२ ला ऑडिटर निःपक्षपाती हवा. लीड ऑडिटरचा पाच दिवसांचा कोर्स वेगळा, त्याची तुम्हाला आत्ता गरज नाही. पण तुमचा माल गाड्यांच्या कंपन्यांना जात असेल आणि कंपनीकडे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) असेल, तर नुसतं ९००१ चं ट्रेनिंग पुरत नाही. त्यातल्या ७.२.३ नुसार ऑडिटरला कोअर टूल्स (वाहन उद्योगातल्या क्वालिटीच्या ठरलेल्या पद्धती) आणि ग्राहकाच्या खास अपेक्षाही समजाव्या लागतात. तुमचं नाव नेमक्या कोणत्या कोर्सला दिलंय, हे जाण्याआधी एचआरकडून लेखी घ्या.