पिकअपमधल्या कंपनीच्या टेपचं वायरिंग कापलंय, दोन तारा वितळल्यात. सगळं वायरिंग बदलावं लागेल का?

नाही, दादा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तरी सगळं बदलायची गरज दिसत नाही. जुनी पिकअप घेतली, आधीच्या मालकाने कंपनीचा टेप काढताना मागचा कपलरच (तारा टेपला जोडणारा प्लग) कापून नेला, आता डॅशच्या पोकळीत नऊ-दहा तारा लोंबतात, त्यातल्या दोन वितळून एकमेकींना चिकटल्यात, आणि बाजारातून आणलेल्या टेपचे रंग गाडीच्या तारांशी जुळत नाहीत. एवढ्यासाठी पुढचं अख्खं वायरिंग बदलणं म्हणजे बोटाला जखम झाली म्हणून हात कापणं. वर हाताने ओढलेलं बाहेरचं वायरिंग कंपनीच्या बांधणीइतकं क्वचितच टिकतं. मी जालन्यात वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, मोसंबी आणि कांदा वाहणाऱ्या पिकअप माझ्याकडं रोज येतात. एका दुपारचं काम आहे, पण घाई केली तर नवा टेप जळेल.

सुरुवात वितळलेल्या दोन तारांपासून करा, टेपपासून नाही. तार वितळली याचा अर्थ फ्यूजने त्याचं काम केलं नाही. टेपला साधारण १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. पात्याच्या फ्यूजमध्ये १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर टेपच्या जागी १५ लिहिलंय आणि आत हिरवा फ्यूज बसलाय, किंवा जळक्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलीय, असं दिसलं तर कारण तिथंच सापडलं. कधी कुणीतरी फ्यूजच्या आधीच तार जोडून मोबाइल चार्जर काढलेला असतो. हे कारण दूर केल्याशिवाय तारा जोडल्या तर महिनाभरात पुन्हा तेच होईल.

वितळलेल्यांपैकी एक तार अर्थची (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी) निघाली तर मात्र मामला वेगळा, कारण अर्थच्या तारेला फ्यूज राखत नाही. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो.

आता बॅटरीचा निगेटिव्ह काढा. दहाचा पाना पुरतो. जळकी तार पाठीमागे चाचपत जा. जिथवर आवरण कडक लागतं, वाकवलं की कडकडतं, तिथवर आच गेलेली असते. नुसतं वितळलेलं टोक कापून भागत नाही. माझ्या हातून सुरुवातीला हीच चूक व्हायची: बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या जागी आवरण सोलायचो, आत तांबं काळं पडलेलं असायचं आणि सोल्डर त्यावर थेंबासारखं घरंगळायचं. बोटभर बोटभर मागं सरकत, सोलल्यावर तांबं नव्या नाण्यासारखं चमकेल तिथवर जा आणि तिथून पुढं त्याच जाडीची नवी तार लावा. पॉवर आणि अर्थला पाऊण ते एक चौरस मिलिमीटर, स्पीकरला अर्धा चौरस मिलिमीटर पुरतो.

रंगांविषयी. बाजारातल्या टेपचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पिवळी कायमचा १२ व्होल्ट, लाल चावीवरचा, काळी अर्थ, नारिंगी पार्किंग दिव्याची, पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, करडी जोडी पुढचा उजवा. जोडीतल्या काळ्या पट्टीची तार निगेटिव्ह. हे रंग टेपचे आहेत, गाडीचे नाहीत. गाडीत लाल तार पार्किंगची असू शकते आणि काळी स्पीकरची. रंगाला रंग जोडून टेप जाळलेली गाडी माझ्याकडं दर महिन्याला एक तरी येते. गाडीची तार तिच्या कामावरून ओळखायची आणि ओळखली की लगेच तिच्यावर कागदी चिठ्ठी चिकटवायची.

टोकं एकमेकांपासून लांब ठेवून बॅटरी परत जोडा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी पिन रंग नसलेल्या उघड्या नटावर धरा. चावी काढलेली असताना जिथं १२ च्या वर दाखवतं ती कायमची. चावी एक टप्पा फिरवल्यावर जी जागी होते आणि चावी काढली की मरते ती टेपची चालू-बंद. पार्किंग दिवे लावल्यावर जी येते ती टेपच्या बटणांच्या उजेडाची.

या उजेडाच्या तारेपाशी भले भले फसतात. दिवे बंद असताना ती डॅशच्या बल्बमधून बॉडीला मिळालेली असते, त्यामुळे मीटर बीप देतो आणि माणूस तिला अर्थ समजून बसतो. टेप चालतोही. मग संध्याकाळी हेडलाइट लावले की फ्यूज उडतो आणि मागचे दिवेसुद्धा जातात. म्हणून बीपवर थांबू नका, ओहमचा आकडा वाचा. खऱ्या अर्थला जवळपास शून्य येतं, बल्बमधून आलं तर काही ओहम दिसतात. आणि आकडा घेण्याआधी त्या तारेत कुठल्याही स्विचने व्होल्ट येत नाही ना, हे पाहून घ्या.

उरलेल्यांत स्पीकरच्या जोड्या. दोन तारांत ३ ते ४ ओहम दाखवलं की जोडी सापडली. त्याच तारा बॉडीशी मात्र अजिबात लागता कामा नयेत. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांतून आवाज जातो, निगेटिव्ह म्हणून एक बॉडीला टेकवली तर आतली आवाजाची आयसी जाते. पेन्सिल सेल जोडीला क्षणभर टेकवा: दारातून ‘टक’ आवाज येईल, जाळीतून पडदा बाहेर येताना दिसला तर सेलचा प्लस जिथं लागला तीच प्लस. दोन्ही दारांत हे सारखं जमलं नाही तर गाण्यातला ढोल पोकळ वाजतो. जोडी सापडलीच नाही तर दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागं सारून पाहा. दार हजारो वेळा उघडझाप होतं, तार तिथंच तुटते, आणि वरून आवरण साबूत दिसतं.

एक गोष्ट सोडून द्या. पिवळं आवरण किंवा पिवळा कपलर असलेली तार दिसली आणि गाडीत एअरबॅग असेल, तर तिला मीटर, बल्ब, सेल काहीही लावू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मीटरचा १२ पाहून तार चांगली समजू नका. दोन उन्हाळ्यांपूर्वी अंबड भागातला एक मोसंबीवाला ड्रायव्हर आला. म्हणाला, “भाऊ, वॉल्यूम वाढवला की टेप बंद पडायलाय, हळू ठेवला की चालायलाय.” दोन ठिकाणी टेप बदलून झाला होता. मीटर लावला तर १२.४, अगदी ठणठणीत. मग मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन तारा लावून त्याच जागी टेकवला. पूर्ण पेटायला हवा होता, पण विडीच्या टोकाएवढा लालसर होऊन राहिला. डॅश खोलत गेलो. मागच्या पत्र्याच्या पट्टीवर तार घासून घासून कापली गेली होती, केसासारखा एक गंजका तंतू जेमतेम टेकून होता. तशा जेमतेम टेकलेल्या तंतूतूनही मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथं तंतूचं पितळ उघडं पडतं. म्हणून तुमची कायमची, चावीची आणि अर्थची, तिन्ही तारा बल्बवर तपासा. बल्ब थेट बॅटरीवर जसा पेटतो तसाच तिथं पेटला पाहिजे.

जोड देताना तारा एकाच जागी कापू नका, दोन-दोन बोटांचं अंतर ठेवून पुढंमागं कापा. नाहीतर सगळे जोड एकाच जागी येऊन गाठोडं होतं आणि एखादं आवरण फाटलं की शेजारणीला टेकतं. उष्णतेने आवळणारी स्लीव्ह आधी तारेत ओवा (हे विसरलं की जोड पुन्हा तोडावा लागतो). मग दोन्ही टोकं समोरासमोर आणून एकमेकींवर पीळ द्या. सोल्डरिंगची टोच तांब्याला लावा, सोल्डरला नाही. तांबं तापलं की सोल्डर आपोआप तंतूंत शिरतं. राळेचं फ्लक्स वापरा, पत्र्याच्या कामाचं अ‍ॅसिड वापरू नका, ते नंतर तांबं खात राहतं. सोल्डर शिरलेला भाग ताठ होतो आणि हादऱ्याने तार त्याच्या कडेलाच तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना तार पट्टीने घट्ट बांधा. जोड स्वतः हलता कामा नये. चांगलं क्रिम्पिंगचं हत्यार असेल तर क्रिम्पही (धातूची नळी दाबून दिलेला जोड) उत्तम, पक्कडीने चेपलेलं चालत नाही.

नुसता पीळ आणि वर काळा प्लॅस्टिक टेप, हे आपल्याकडं तरी करू नका. वैशाखात बाहेर ४२-४३ अंश असताना बंद केबिनमध्ये डॅशच्या मागं काय होत असेल, विचार करा. टेपचा चिकट रस सुटतो, टेप उलगडत जातो आणि उघडा पीळ उरतो. बाहेरून कंपनी वापरते तशी कापडी टेप गुंडाळा. ती खडखडही करत नाही.

आणि गाडीच्या तारा थेट नव्या टेपला जोडू नका, मध्ये कपलर घाला. तुमच्याच मॉडेलचा कपलर भंगारातल्या गाडीतून वीतभर तारांसकट मिळाला तर सोनं. नाही तर बाजारातला चौकोनी आयएसओ कपलर जोड. त्याच्या पॉवरच्या भागात ४ नंबरला कायमचा, ७ ला चावीवरचा, ८ ला अर्थ. काही गाड्यांत ४ आणि ७ उलटे असतात. चावी काढली की स्टेशनं आणि घड्याळ पुसलं जात असेल तर हीच उलटापालट आहे. कपलर असला की पुढच्या वेळी टेप काढणाऱ्याला कातरी लागणार नाही.

अँटेनाची तार तुटली असेल तर तिला पीळ देऊन जोडू नका, आतली तार आणि बाहेरची जाळी वेगळी राहिली पाहिजे. अख्खी बदला. रात्री दोनला मोंढ्याकडं निघालेल्या ड्रायव्हरला रेडिओचा आवाज जागं ठेवतो, त्यात खरखर नको.

सगळं झाल्यावर चावी काढून, दारं लावून, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि मीटर त्या तारेच्या आणि निगेटिव्ह खुंटीच्या मध्ये धरा. थोड्या वेळाने आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत स्थिरावला पाहिजे. मीटर असा लावलेला असताना स्टार्टर मारू नका.

आता अर्थचं राहिलेलं. पिकअपची केबिन चासीवर रबरी गुटक्यांवर बसलेली असते. रबरातून करंट जात नाही, म्हणून केबिन, इंजिन आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्या असतात. चिखल, खत, मोसंबीचं पाणी लागून पट्टीचा नट गंजला की स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट टेपच्या बारीक काळ्या तारेतून गेली तर तार क्षणात वितळते. तुमच्या चिकटलेल्या दोघींपैकी एक अर्थ असेल तर मला आधी हाच संशय येईल. मीटर परत व्होल्टवर आणून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी केबिनच्या उघड्या नटावर धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास आलं तर पट्टी ठीक आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी सोडवा, दोन्ही बाजूंचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, नट आवळा, वर थोडं ग्रीस लावा आणि पुन्हा मोजा. काय आकडा आला ते आणि वितळलेली दुसरी तार कुठं जाते ते इथं लिहा, पुढचं सांगतो.