घरच्या केअरगिव्हरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: घरातल्या आजारी, वृद्ध माणसांचं विनामोबदला सगळं करणाऱ्यांची सरकारदरबारी दखल घेतली जावी म्हणून निवेदन लिहायचं आहे. त्यात ‘केअरगिव्हर’ला ‘काळजीवाहू’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. शब्दाची घडण बिनचूक आहे. मालवाहू, भारवाहू तसाच हा. पण ‘काळजीवाहू’ म्हटलं की डोळ्यांपुढे मुख्यमंत्री येतात, पुढचे येईपर्यंत कारभार पाहणारे. घरात करणाऱ्याच्या जागी पुढचं कुणी येणार नसतं.

‘परिचारिका’ पगारी. ‘सेवा’ म्हटलं की पुण्य आलं, आणि पुण्याचा भत्ता मागताना जीभ अडखळते. ‘शुश्रूषा’ (‘सुश्रुषा’ नव्हे) मला फार आवडतो. ‘श्रु’ धातूपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. रात्री दोनला आतल्या खोलीतून हाक येईल म्हणून जो अर्धवट जागा झोपतो, त्याला तो अर्थ आधीच कळलेला असतो.

पण बोलीत आपण काय म्हणतो? ‘तिनं सासूचं नऊ वर्षं केलं.’ काय केलं, ते कुणी विचारत नाही. अंघोळ, कूस बदलणं, औषधं, डायपर, सगळं त्या ‘सासूचं’मध्ये आलं. करणाऱ्यालाही शब्द आहे, फक्त तो नसण्यातूनच ऐकू येतो: ‘त्यांच्याकडे करणारं कुणी नाही हो.’ असते तेव्हा ती नुसती ‘घरीच असते’. २०११च्या जनगणनेतही केवळ घरकाम करणारी व्यक्ती ‘काम न करणारी’ म्हणूनच मोजली गेली.

म्हणून मी ‘करणारं माणूस’ सुचवेन. नपुंसकलिंगामुळे मुलगा, नवरा, भाऊ सगळे त्यात बसतात, आणि ते बसायलाच हवेत: २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी १३४ मिनिटं देताना दिसल्या, असे पुरुष ७६.

कायद्याच्या परिच्छेदात ‘कुटुंबातील शुश्रूषाकर्ता’ लिहा, मात्र ‘विनामोबदला’ गाळू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ केअरगिव्हरच्या व्याख्येत आईवडील आणि कुटुंबीयांना धरतो, पण मोबदला घेणारे आणि न घेणारे दोघेही त्यात येतात. तुमची मागणी न घेणाऱ्यांसाठी आहे.

पहिलं वाक्य मी असं लिहिलं असतं: ‘आम्ही आपापल्या घरची करणारी माणसं हे निवेदन देत आहोत.’