वाचकांचे प्रश्न : कापडी डायपर, मचूळ पाणी आणि पावसाळा

प्रश्न : आमचे घर वेंगुर्ल्याजवळ समुद्राला लागून आहे आणि विहिरीचे पाणी मचूळ आहे. सात महिन्यांच्या मुलीला मी कापडी डायपर घालते. सासूबाई ते रोज उकळायला सांगतात. नणंद म्हणते, जंतुनाशक आणि सॉफ्टनर घाल. साबण मात्र बाळाला बाधेल म्हणून मी चिमूटभरच घेते. तरीही पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी डायपर काढताना डोळ्यांत पाणी येईल असा वास येतो आणि ओल बाहेर झिरपते. जाड डायपरने पाय फेंगडे होतात, हे खरे का?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातली खरी चूक त्या चिमूटभर साबणात आहे. डोळ्यांना झोंबणारा तो वास अमोनियाचा असतो. लघवीतील युरियाचे जंतूंकडून विघटन होऊन तो तयार होतो, आणि कापड वरवर धुतले गेले की धाग्यांत उरलेल्या मळात हे जंतू टिकून राहतात. त्यात तुमचे पाणी मचूळ. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून त्याचा साका करतात. फेस येत नाही, आणि तोच साका कापडात बसतो. म्हणून वडीच्या साबणाऐवजी साधी डिटर्जंट पावडर पाकिटावर सांगितली आहे तितकी घ्यावी. आधी लघवीचे डायपर नुसत्या गार पाण्यातून काढावेत, मग पावडर घालून कोमट पाण्यात धुवावेत, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावेत. बाळाला बाधतो तो न निघालेला साबण. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप ठेवता येत असेल तर जरूर ठेवा. पहिल्या सरींनी कौले धुऊन निघाल्यानंतरचे ते पाणी मऊ असते आणि शेवटच्या खळबळण्याला विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले.

सॉफ्टनर आजच बंद करा. त्याचा पातळ थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी शोषेनासे होते. घरीच पाहा : वाळलेल्या आतल्या घडीवर चमचाभर पाणी ओता. ते लगेच जिरले तर ठीक. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब घरंगळू लागले, तर कापडावर काहीतरी चढले आहे. आपल्याकडे बाळाला खोबरेल चोपडण्याची रीत असल्यामुळे ते ‘काहीतरी’ बरेचदा तेलच असते. तेल लावलेल्या दिवशी आत जुन्या धोतराचा पातळ तुकडा घालावा. जंतुनाशकाचीही रोज गरज नाही. त्याचा अंश कापडात राहिला तर नाजूक कातडी लाल होऊ शकते.

सासूबाईंचे उकळणे सुती लंगोटांच्या काळात योग्यच होते आणि आजही निव्वळ सुती घड्या उकळायला हरकत नाही. बाहेरच्या कव्हरचे तसे नाही. त्याच्या पॉलिएस्टर कापडाला आतून पॉलियुरेथेनचा जलरोधक थर चिकटवलेला असतो. उकळत्या पाण्यात तो सुटू लागतो आणि मग कव्हर गळते. तुमची झिरपण यातूनही आली असेल. कव्हर उजेडात धरून आतला थर फुगला किंवा सोलला आहे का ते पाहा. तसे असेल तर ते बदलण्यावाचून इलाज नाही.

आता वाळवण्याविषयी. अनेक पदरी शिवलेल्या घड्या आषाढात दोन-दोन दिवस ओलसर राहतात, आणि ओलसर घडी कपाटात गेली की कुबट वास आलाच. या चार महिन्यांपुरती कव्हरमध्ये जुन्या सुती साडीची चौकोनी दुपटी घडी करून घालावीत. धुतल्यावर ती एकपदरी उलगडून पडवीतल्या वलणीवर, पंख्याच्या वाऱ्यात टाकली की लवकर वाळतात. चुलीवरच्या दांडीवर मात्र काही टाकू नका. धुराचा वास जाता जात नाही आणि कव्हरला ती धग सोसत नाही.

पाय फेंगडे होत नाहीत. लहान मुलांचे पाय जन्मतःच थोडे बाकदार असतात आणि बहुतेकांचे दोन वर्षांच्या आसपास सरळ होतात. डायपरच्या जाडीचा त्याच्याशी संबंध नाही. डायपर मात्र दर दोन-तीन तासांनी बदला. पुरळ दोन-तीन दिवसांत कमी झाले नाही, किंवा लाल चट्ट्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर बुरशीची शक्यता असते. तेव्हा घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : शीचे पिवळे डाग राहिले म्हणजे डायपर अस्वच्छ राहिले का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही. तो पित्तातील रंग आहे. धुतलेले कापड ओले असतानाच उन्हात घाला, डाग बराचसा उडतो. पावसाळ्यात तो तसाच राहू द्या आणि उघडीप मिळेल त्या दिवशी खळ्यात टाका.