मॅकच्या टाइम मशीन बॅकअपमधले फोटो विंडोज लॅपटॉपवर कसे काढायचे?

तुमचं मॅकबुक बंद पडलंय, हाताशी आता विंडोज लॅपटॉप आहे, आणि बॅकअपची हार्डडिस्क लावली की ‘आधी फॉरमॅट करा’ अशी खिडकी येते. आत मुलीचे लहानपणचे फोटो आहेत म्हणताय, तर आधी कॅन्सल दाबा. डिस्क बिघडलेली नाही, विंडोजला ती वाचता येत नाही एवढंच. डिस्क मॅनेजमेंटने ‘इनिशियलाइज’ विचारलं तरी नाहीच म्हणायचं. माझं दुरुस्तीचं दुकान आहे. अशी डिस्क येते तेव्हा पहिला प्रश्न मी हाच विचारतो, की घरात कुणी ‘ओके’ दाबलं का?

पुढचं सगळं डिस्क कधीची आहे यावर. बॅकअप कॅटालिना (मॅकओएसची 2019ची आवृत्ती) किंवा त्याआधीच्या मॅकओएसवर सुरू केला असेल तर डिस्क एचएफएस प्लसची, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या मॅकच्या जुन्या पद्धतीची. बिग सर या पुढच्या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, कोऱ्या डिस्कवर सुरू केलेला बॅकअप एपीएफएस या नव्या पद्धतीवर जातो. मॅक नंतर अपडेट केला तरी जुनी डिस्क जुन्याच पद्धतीने चालू राहते, त्यामुळे मॅकचं नाही, डिस्कचं वय आठवा.

एचएफएस प्लस असेल तर एचएफएसएक्सप्लोरर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याला जावा लागतं. ते फक्त वाचतं, डिस्कवर काही लिहीत नाही, आणि आपल्याला नेमकं हेच हवंय. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, फाइल मेन्यूतून डिव्हाइस लोड करताना ऑटोडिटेक्ट निवडा. समोर Backups.backupdb (‘बॅकअप्स डॉट बॅकअपडीबी’) असं इंग्रजी नावाचं फोल्डर दिसेल. त्यात तुमच्या मॅकचं नाव, त्यात तारखांचे फोल्डर, आणि शेवटच्या तारखेत मॅकिंटॉश एचडी, युजर्स, तुमचं नाव, पिक्चर्स.

इथे एक गंमत आहे, आणि लोक इथेच फसतात. प्रत्येक तारखेचं फोल्डर अख्ख्या मॅकची प्रत असल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात न बदललेल्या फाइली डिस्कवर एकदाच असतात, बाकी नुसते दुवे. म्हणून सगळं उचलून कॉपी करायला गेलात तर तीच फाइल पुन्हा पुन्हा उतरते आणि लॅपटॉपची जागा संपते. एकच तारीख घ्या, शेवटची. कुणी डिस्क उबंटूवर, म्हणजे लिनक्सवर, लावून बघायला सांगेल. तिथे काही फोल्डर शून्य बाइटच्या फाइली म्हणून दिसतात. घाबरू नका, खरा माल त्याच डिस्कवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो.

एपीएफएस असेल तर एचएफएसएक्सप्लोररचा उपयोग नाही. पॅरागॉनचं आणि मॅकड्राइव्ह अशी विकतची सॉफ्टवेअर्स आहेत, पण एका कामासाठी पैसे घालायचं माझ्या मनाला पटत नाही. ओळखीत कुणाचा तरी मॅक असेलच. त्यांच्याकडे एक रिकामी डिस्क घेऊन जा, ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा आणि हवं ते फाइंडरमधून (मॅकच्या फाइलींच्या खिडकीतून) तिच्यावर ओढा. एक्सफॅट दोन्हीकडे वाचता-लिहिता येतं. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीची डिस्क नेऊ नका, मॅक ती वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. खरं सांगायचं तर एचएफएस प्लसवाल्यांनाही मी आधी हाच रस्ता सुचवतो.

बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो हवाच. त्याच्याशिवाय काढून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

आता फोटो. फोटोज ॲपची लायब्ररी मॅकवर एकच फाइल वाटते, विंडोजवर ती साधं फोल्डर म्हणून उघडते. आत ‘ओरिजिनल्स’ शोधा, जुन्या लायब्ररीत ‘मास्टर्स’. नव्या लायब्ररीत नावं लांबलचक अगम्य आकडे-अक्षरांची असतील, पण फोटो काढल्याची तारीख बहुधा फोटोच्या आतच नोंदलेली असते, त्यावरून लावून घेता येतात. आयक्लाउड फोटोज चालू ठेवून ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ निवडलं असेल, तर मूळ फोटो मॅकवर आणि म्हणून बॅकअपमध्येही पूर्ण नसतील. ते आयक्लाउडच्या साइटवरूनच उतरवा. आयफोनचे एचईआयसी फोटो उघडले नाहीत तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफचं एक्स्टेंशन टाका. टिंब आणि त्याला लागून अधोरेषा (._) अशा सुरू होणाऱ्या चिमुकल्या फाइली मॅकच्या नोंदी आहेत, विंडोजवर खुशाल पुसा.

फाइलींची नावं मराठीत असतील तर एक बारकावा. एचएफएस प्लस ‘ऱ’ हे अक्षर र आणि नुक्ता (खालचं टिंब) असं फोडून ठेवतं. त्यामुळे ‘दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो’ डोळ्यांना दिसतं, पण विंडोजवर तेच नाव टाइप करून शोधलं तर कधी सापडत नाही. तेव्हा ‘वाढदिवस’ एवढंच शोधा.