माइनक्राफ्टमध्ये मॉड टाकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर जावा एडिशन (माइनक्राफ्टची कॉम्प्युटरवरची, मॉड चालणारी आवृत्ती) आहे, रॅम 8 जीबी. यूट्यूबवर 'क्रिएट' हा मॉड, म्हणजे गेममध्ये चाकं-गिअरची यंत्रं आणणारी खेळणाऱ्यांनी बनवलेली जोड, पाहिला, आवडला, व्हिडिओखाली दिलेले सगळे मॉड उतरवून फोल्डरमध्ये टाकले आणि आता गेम उघडायच्या आधीच बंद पडतोय. लॅपटॉपला दोष देऊ नका. त्या फायलींचंच आपसात पटत नसणार.

बहुतेक जण गेमची सगळ्यात नवी आवृत्ती घेतात आणि मग तिच्यासाठी मॉड शोधत फिरतात. माझं म्हणणं उलट आहे. ज्या एका मॉडवर जीव जडलाय तो आधी धरा. तो कुठल्या आवृत्तीसाठी आणि कुठल्या लोडरसाठी निघालाय, ते त्याच्या पानावर बघा. पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं.

लोडर म्हणजे मॉडचा कोड गेममध्ये शिरवणारा मधला प्रोग्रॅम. जावा एडिशनमध्ये तो मुळात नसतो, खेळणाऱ्यांमधल्याच प्रोग्रॅमर मंडळींनी तो बनवला. फोर्ज हा त्यातला जुना. 2023 मध्ये त्याच्यातून फुटून निओफोर्ज निघाला. फॅब्रिकचं घराणं वेगळं, वजनाने हलकं. एका लोडरचा मॉड दुसऱ्यावर चालेल असं धरून चालू नका, आणि 1.20.1 साठीची फाइल 1.21.1 वर चालेल असंही नाही. म्हणूनच जुन्या आवृत्तीवर खेळण्यात कमीपणा नाही. 2014 ची 1.7.10 आणि 2017 ची 1.12.2 धरून बसलेले लोक अजून आहेत, कारण त्यांचे आवडते मॉड तिथेच राहिले.

तुमच्यापुरतं बोलायचं तर 1.21.1 आणि निओफोर्ज घ्या. क्रिएट त्यावर आहे. सोबत दोनच गोष्टी: कुठली वस्तू कशी बनते ते दाखवणारा जेईआय, आणि फ्रेम रेट वाढवणारा सोडियम. बस्स. यूट्यूबवाल्याची बाकीची यादी आत्ता विसरा.

बसवायला प्रिझम लाँचर वापरा. गेम आणि मॉड सांभाळून चालू करणारा हा प्रोग्रॅम फुकट आहे. विकत घेतलेला गेम ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर आहे त्यानेच त्यात लॉगिन करायचं. प्रिझमचा मोठा फायदा असा की प्रत्येक 'इन्स्टन्स' वेगळा राहतो: आपली आवृत्ती, आपले मॉड, आपली जगं. एकात घोळ झाला तर तो उडवा, दुसऱ्याला धक्का लागत नाही. नवा इन्स्टन्स बनवताना आवृत्ती आणि लोडर निवडलात की मॉड त्याच्या आतूनच शोधता आणि उतरवता येतात. मॉडरिंथ आणि कर्सफोर्ज या मॉड मिळण्याच्या दोन्ही मोठ्या साइटवरची यादी तिथे दिसते, आवृत्तीला जुळणारीच फाइल पुढे येते आणि एखाद्या मॉडला दुसरा मॉड लागत असेल तर तेही तो सुचवतो. तुमची निम्मी डोकेदुखी इथेच संपेल.

मेमरी 4 जीबी द्या. आठच्या आठ देऊन टाकायचा मोह होतो, पण विंडोजलाही जगायचंय.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण 'व्हायरस येईल का' हे तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय आणि खरं तर ते आधी विचारायला हवं. मॉड ज्या रूपात उतरतो ती जार फाइल म्हणजे चित्रांचा गठ्ठा नव्हे, तो पूर्ण प्रोग्रॅम असतो. तुमच्या खात्याला लॅपटॉपवर जे जे करता येतं ते सगळं त्यालाही करता येतं. जून 2023 मध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचं प्रकरण झालं: कर्सफोर्जवरची काही खाती कुणीतरी ताब्यात घेतली आणि त्यांच्या मॉडमधून मालवेअर पसरवलं. ते ब्राउझरमधली लॉगिनं चोरत होतं आणि मशीनवरच्या इतर जार फायलींमध्येही शिरत होतं. नावाजलेल्या ठिकाणी असं होऊ शकतं, तर 'फ्री डाउनलोड' लिहून दहा हिरवी बटणं दाखवणाऱ्या साइटचं काय घेऊन बसलात! मॉडरिंथ किंवा कर्सफोर्ज, नाहीतर लेखकाचं स्वतःचं पान. त्यापलीकडे जाऊ नका. व्हिडिओखालच्या आखूड केलेल्या लिंका तर नकोच.

गेम उघडला की आधी नवं जग सुरू करा, जुन्या लाडक्या जगात क्रिएट टाकू नका. टाकायचंच असेल तर त्या जगाच्या फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा. नंतर मॉड काढलात तर त्याचे सगळे ब्लॉक जगातून गायब होतात आणि भिंतीत भोकं राहतात.

क्रिएटची सुरुवात मी तरी पाणचक्कीने करायला सांगेन. अँडेसाइट आणि लोखंडाच्या नगेटपासून अँडेसाइट ॲलॉय बनतो, आणि बाकी बहुतेक सगळं त्याच्यावर उभं आहे. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात चाक बसवा, त्याला दांडा जोडा आणि गिअरने ती गती जात्यापर्यंत न्या. वरून गहू टाकला की त्याचं पीठ होतं. मोठं गिअरचाक लहानाला भिडवलं की लहान दुप्पट वेगाने फिरतं, अगदी खऱ्यासारखं. कुठली वस्तू कशी चालते ते कळलं नाही तर तिच्यावर माउस ठेवून डब्ल्यू दाबून धरा, तिथल्या तिथे चलचित्र दिसतं. इतकी चांगली मदत मी दुसऱ्या कुठल्या मॉडमध्ये पाहिलेली नाही.

पुढचे मॉड दोन-तीन करत वाढवा आणि प्रत्येक वेळी गेम चालू करून बघा. बंद पडला तर आधी स्क्रीनवरचा मजकूर वाचा. अमुक मॉडला तमुक मॉड हवा, असं तिथे बरेचदा सरळ लिहिलेलं असतं. काहीच उमगत नसेल तर निम्मे मॉड बाजूला काढा. चालला तर दोषी त्या निम्म्यात, नाही चालला तर उरलेल्यात, आणि असं अर्धं-अर्धं करत जा.

कुणा वाचकाकडे फक्त फोन असेल तर वरचं काही लागू नाही. फोनवर बेडरॉक एडिशन असते, तिथे जावाचे मॉड चालत नाहीत, ॲड-ऑन असतात. पैसे घालायचे नसतील तर माइनक्राफ्टसारखंच ठोकळ्यांच्या जगाचं ॲप लुआंटी बघा, ज्याचं नाव 2024 पर्यंत माइनटेस्ट होतं. पूर्ण मोफत, अँड्रॉइडवरही चालतं, आणि मॉड ॲपच्या आतूनच उतरवता येतात.

तरीही अडलं तर इन्स्टन्सच्या लॉग्स फोल्डरमधल्या 'लेटेस्ट' नावाच्या फाइलीतला मजकूर कॉपी करून खाली टाका, मी बघतो. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो मात्र नको, त्यात नेमकी हवी ती ओळ कापलेली असते.