ऑलस्पाइसची पाने आणि फळे

प्रश्न : आमच्या कुळागरात पोफळी आणि जायफळांच्या सोबतीने ऑलस्पाइसचे एक झाड वाढले आहे. पाने चुरगळली की हात दरवळतात, पण फळ कधी धरलेले नाही. ही पाने स्वयंपाकात चालतील का? बाजारात कबाबचिनी म्हणून मिळते ते याचेच फळ का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : फळ न धरण्यामागे खतपाण्याचीच कसूर असेल असे नाही. या जातीत नर आणि मादी झाडे व्यवहारतः वेगळी असतात आणि बियांपासून केलेले रोप नर निघाले, तर ते फुलूनही जवळजवळ फळत नाही. पाने मात्र खुशाल वापरावीत. अर्धा किलो तांदळाच्या पुलावाला एक-दोन ताजी पाने फोडणीत पुरतात. वाढण्यापूर्वी ती तमालपत्राप्रमाणे काढून टाकावीत.

खरी कबाबचिनी, म्हणजेच कंकोळ, मिरीच्या कुळातील असून तिच्या दाण्याला शेपटीसारखा देठ चिकटलेला असतो. ऑलस्पाइसचे झाड लवंग-जांभळाच्या कुळातील. त्याचा दाणा मिरीहून थोडा मोठा, तांबूस तपकिरी आणि बिनशेपटीचा असतो, व फोडल्यावर आत बहुधा दोन बिया दिसतात. काही दुकानांत दोन्ही एकाच नावाने विकले जातात, म्हणून दाणे तळहातावर घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

हे झाड मूळचे जमैका, दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. पूर्ण वाढलेली पण हिरवी फळे तोडून उन्हात वाळवतात, कारण पिकल्यावर त्यांचा सुगंध उतरतो. जमैकात हे दाणे आणि झणझणीत मिरची मांसाला चोळून ते याच झाडाच्या लाकडाच्या धुरावर भाजतात. अरबी देशांत ते मटणात पडतात, तर इंग्रजी पद्धतीच्या नाताळच्या केकमध्ये त्यांची पूड असते.

याला लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्रित वास येतो, पण वरचढ असते ती लवंगच, कारण दोहोंच्या तेलातील मुख्य घटक युजेनॉल हाच आहे. त्यामुळे शागुतीच्या मसाल्यात किलोभर मटणामागे पाच-सहा दाणे भाजून घालायचे असतील, तर लवंगा निम्म्या कराव्यात, नाहीतर खोबऱ्याची चव मागे पडून जीभ तेवढी बधिर होईल. व्हिनेगरच्या लोणच्यात अख्खे दाणे उत्तम लागतात. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या हुमणात मात्र, माझ्या मते, यांची लुडबुड नको. दाणे अख्खेच घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत आणि लागतील तेवढेच आयत्या वेळी कुटावेत; विकतची पूड लवकर वास सोडते.