पेटीवर जे ऐकू येतं, ते की-बोर्डवर मिळेल का?

प्रश्न: शब्द नसलेली, जुन्या वळणाची पेटी ऐकली की डोळ्यांसमोर चित्रं उभी राहतात. तशी वाजवायला शिकायचं आहे, पण फ्लॅट लहान आहे. की-बोर्ड घेतला तर तेच मिळेल का? आणि सुरुवातीला कोणाला ऐकू?

उत्तर:

नाही मिळणार. माझा थोरला भाऊ गेली नऊ वर्षं 'मिळतं रे' म्हणतोय, तेव्हा हे उत्तर थोडं त्यालाही आहे.

आमचे आजोबा दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रांमधल्या रात्रभराच्या लोकनाट्यात, पेटी वाजवायचे. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथानक ठरलेलं, बोलणं मात्र उभ्या उभ्या सुचेल तसं. त्यामुळे पायपेटीवाल्याने आणि मृदंगवाल्याने रात्रभर नटाच्या तोंडाकडे बघत बसायचं. हा आता रडणार की तलवार उपसणार, हे यांना त्याच्या आधी कळायला हवं. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की आजोबा जे जायचे ते पावसाच्या तोंडावर घरी टेकायचे.

पायपेटी नाटक कंपनीची. घरची हातपेटी मात्र त्यांची स्वतःची, साडेतीन सप्तकांची, खर्ज (खालचा) आणि नर (त्याच्या वरचा) अशा दोन ओळींची, म्हणजे ४२ पट्ट्या आणि ८४ सूर. पेटीवाले सूर म्हणतात ते आतल्या पितळी जिभांच्या पट्टीला, हवेने ती जीभ थरथरली की आवाज येतो. भाताची लावणी आटपली की दुपारी पडवीत ती उघडायची. पागोळ्या गळतायत, आम्ही दोघे भाऊ समोर, आणि आजोबा कुणाचा तरी प्रवेश वाजवतायत. नट नाही, मृदंग नाही, शब्द नाही. मग विचारायचे, "कोण इलो, सांग बघू?"

संकासुर, म्हणजे दशावतारातला राक्षस, लगेच ओळखू यायचा, तो उड्या मारतच यायचा. सरस्वती मोरावरून येते, तिची चाल हलकी. राजा पावलं मोजत येणार. दादा माझ्या आधी ओळखायचा, हेही लिहून टाकतो. एकदा त्यांनी बराच वेळ काहीतरी संथ वाजवलं, मला कोणीच दिसेना. मी रडवेला झालो तेव्हा म्हणाले, "कोणच नाय. नट अजून तोंड रंगवता." तो रिकामा रंगमंच मला आजही दिसतो, कंदिलासकट.

तर २०१६ मध्ये गावच्या घरात असलेली ती पेटी दादाने दुरुस्तीला दिली. भाता गळत होता, काम गरजेचं होतं, त्याबद्दल वाद नाही. दुकानाचं नाव घेत नाही. परत आली ती आरशासारखं पॉलिश होऊन. मी गणपतीला गेलो, दोन पट्ट्या दाबल्या आणि हात काढून घेतला. आवाज मोठा, खणखणीत, आणि परका.

वरची फळी काढून बघितलं. आजोबा सूर स्वतः लावायचे. उतरलेला सूर चढवायचा तर जिभेच्या टोकाकडे घासायचं, चढलेला उतरवायचा तर मुळाशी. वर्षानुवर्षं असं करून प्रत्येक जिभेवर त्यांच्या कानशीचे ओरखडे होते. मी ८४ सूर मोजले. ओरखडा एकावरही नव्हता.

दुकानदार म्हणाला, जुने गंजले होते. पितळ गंजतं? दादा म्हणाला, नवे बसवलेत, पैसेही जास्त घेतले नाहीत, तुझं काय गेलं? वर म्हणाला, डोळे मिटून ऐक, तुला फरक कळणार नाही. पुढच्या वर्षी चार सप्तकांचा की-बोर्ड आणून त्यातला 'हार्मोनियम' आवाज मला ऐकवला. तेव्हापासून हा वाद चालू आहे.

फरक असा. हातपेटीत एक हात सतत भात्यावर असतो. सूर त्या हाताच्या दमावर भरतो आणि ओसरतो. खर्ज आणि नर कधीच केसाइतके जुळत नाहीत, त्यातून एक बारीक लहर उठते. साध्या की-बोर्डमध्ये एकदा पकडून ठेवलेला तोच सूर दर वेळी तसाच येतो. तिथे राजाही येत नाही आणि रिकामा रंगमंच तर नाहीच नाही.

ऐकायचं तर अप्पा जळगावकर, पी. मधुकर आणि मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर. बोरकरांनी वाजवलेल्या नाट्यपदांपासून सुरुवात करा. आधी मूळ पद ऐकू नका, नाहीतर मनात शब्दच म्हणत बसाल.

आता थोडं दादाच्या बाजूने. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, नेमक्या लागत नाहीत. १९४० मध्ये रेडिओने पेटीला दार बंद केलं ते याच तक्रारीवरून, आणि सत्तरीच्या दशकापर्यंत ते उघडलं नाही. म्हणजे पेटी हे काही सर्वगुणसंपन्न वाद्य नव्हे. शिवाय मी स्वतः डोंबिवलीत रात्री हेडफोन लावून की-बोर्डवरच हात फिरवतो, शेजाऱ्यांना झोपायचं असतं. मागच्या मे महिन्यात दादाचा मुलगा माझ्याकडे आला होता. हेडफोन काढून संकासुराचा प्रवेश वाजवला, तर पोराने पहिल्या फटक्यात ओळखला. हे दादाला मी अजून सांगितलेलं नाही.

तरी घ्यायची तर पेटीच घ्या, जुनी मिळाली तर उत्तम. बघायला जाल तेव्हा एकही पट्टी न दाबता भाता पूर्ण भरा आणि हात काढून घ्या. हवा लगेच बसली तर पेटी आतून गळतेय. आणि दुरुस्तीला देण्याआधी वरची फळी काढून आतल्या प्रत्येक सुराचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराच्या समोर काढा.